बॅकस्ट्रोकमध्ये हातांचं काम काय, पायांचं काय, आणि दोघांचं जुळवायचं कसं

दरवर्षी एप्रिल लागला की बडोद्यात स्विमिंग पूलवर नवीन मंडळी दिसायला लागतात, परीक्षा संपलेली पोरं, डॉक्टरने गुडघ्यांसाठी पाठवलेल्या काकू, कंबर धरलेले काका, आणि फ्रीस्टाइल थोडंफार जमलं की सगळ्यांना बॅकस्ट्रोक हवा असतो, कारण त्यात तोंड पाण्याबाहेर असतं, श्वासाची भानगड नाही. मग काय, उताणं पडायचं आणि जीव खाऊन पाय मारायचे. सायकल चालवल्यासारखे पाय, गुडघे पाण्याच्या वर, हात छपाक छपाक मागे, आणि दोन मिनिटांनी बघावं तर माणूस होता तिथेच, नाहीतर वाकडा वाकडा जात शेजारच्या लेनमध्ये. मी लालबागच्या पूलवर गेली नऊ वर्षं सकाळच्या बॅचला जातेय, ३८ व्या वर्षी पोहायला शिकले, आणि पहिला पूर्ण महिना मीही हेच केलं. तेव्हा मला कोणी नीट समजावून सांगितलं असतं की हातांचं काम वेगळं आहे आणि पायांचं वेगळं, तर तो महिना वाचला असता. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मूळ गोष्ट. बॅकस्ट्रोकमध्ये तुम्हाला पुढे नेतात ते मुख्यतः हात. पायही थोडा जोर देतात, पण त्यांचं पहिलं काम आहे अंग वर आणि सरळ धरून ठेवणं. नवीन माणूस हे बरोब्बर उलटं धरतो. त्याला वाटतं पाय म्हणजे मोटर, आणि हात आपले फिरवायचे म्हणून फिरवायचे. मग मांड्या भरून येतात, धाप लागते, आणि हातात जोर द्यायला दमच उरत नाही, कारण मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, ते जोरात चालले की सगळा प्राणवायू तेच खातात.

पाय अंग धरून ठेवतात म्हणजे काय? उताणं पडून अजिबात न हलता बघा. फुप्फुसांत हवा असते म्हणून छाती वर तरंगते, पण वजनाचा मध्य असतो खाली कमरेजवळ, त्यामुळे बहुतेकांचे पाय हळूहळू खाली जातात आणि माणूस पाण्यात तिरपा उभा राहिल्यासारखा होतो. तसं तिरपं अंग ओढायचं म्हणजे उघडी छत्री घेऊन वाऱ्याविरुद्ध चालायचं. पाय बारीक बारीक मारत राहिलं की कंबर वर राहते, अंग आडवं राहतं आणि हातांनी मारलेला प्रत्येक वल्हा कामी येतो. दुसरं म्हणजे, बॅकस्ट्रोकचा हात अंगाच्या बाजूने जातो, त्यामुळे प्रत्येक वेळी कंबर एका बाजूला ढकलली जाते, उजवा हात ओढला की एकीकडे, डावा ओढला की दुसरीकडे. ही शेपटी हलते ना, ती पायच थांबवतात.

विश्वास ठेवू नका, करून बघा. एक दिवस फक्त यासाठी ठेवा. २५ मीटर फक्त पायांनी जा, हात मांडीला लावून, आणि घड्याळ बघा. मग मांड्यांमध्ये पुल बॉय धरा, तो फोमचा इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा तुकडा असतो तो, आणि फक्त हातांनी जा, परत घड्याळ बघा. बहुतेक नवीन लोक इथेच चमकतात, कारण ज्या पायांवर ते सगळी ताकद घालवत होते त्यांच्यापेक्षा हातांनी ते लवकर पोचतात. आता तिसऱ्यांदा पुल बॉय काढून टाका आणि पाय ढिले सोडून फक्त हातांनी जा. पाय बुडतील आणि डावी-उजवीकडे झोके खातील, कंबर वाकडी होईल, आणि पुल बॉय आत्तापर्यंत गपचूप काय करत होता ते समजेल. तेच काम पायांनी करायचंय. मी ज्यांना ज्यांना हे करायला लावलं त्यांना यानंतर भाषण द्यावं लागलं नाही.

आता पाय कसे मारायचे. लाथ गुडघ्यातून नाही, कमरेपासून. मांडी हलते, मग गुडघा थोडासा वाकतो, मग पाऊल शेवटी झटका देतं, सापाच्या शेपटीसारखं. खाली जाताना पाय जवळजवळ सरळ, वर येताना गुडघा जरासा वाकलेला आणि शेवटी पायाच्या वरच्या भागाने, बुटाची लेस बांधतो त्या भागाने, पाणी वर आणि मागे उडवायचं. पाण्यावर फुटबॉल तरंगतोय आणि त्याला खालून टोलवायचाय असं समजा. जोर आहे तो या वर येणाऱ्या लाथेत, खाली जाणारी लाथ म्हणजे पुढच्या लाथेची तयारी. लाथ फार खोलही नको, एक-दीड फूट पुरे. अंगठे एकमेकांकडे किंचित वळलेले, घोटे ढिले. वर आल्यावर पावलं पाण्याच्या बाहेर काढायची नाहीत, पृष्ठभागाशी पाणी उकळल्यासारखं खदखदलं पाहिजे, मोठाले शिंतोडे उडाले तर ती ताकद हवेत गेली.

आणि गुडघे. आमचे कोच गुजराती, पूलच्या कडेने चालत चालत एकच वाक्य शंभरदा म्हणायचे, "बेन, घूंटण अंदर राखो!" गुडघा पाण्याबाहेर आला याचा अर्थ मांडी वर ओढली गेली, मांडीने पाणी पुढे ढकललं, म्हणजे ब्रेक लागला, आणि मांडी वर आली की कंबर खाली बसते, खुर्चीत बसल्यासारखी. हे तपासायला सोपा उपाय आहे. किकबोर्ड दोन्ही हातांनी धरून मांड्यांवर गुडघ्यांपर्यंत पाण्यावर आडवा ठेवा आणि पाय मारा, गुडघा वर आला की बोर्डाला खालून टकटक लागते. टकटक बंद होईपर्यंत हेच करा, दोन दिवस लागोत की आठ.

घोट्यांबद्दल थोडं जास्त सांगते कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. बॅलेवाल्यांसारखं पाऊल ताणता आलं पाहिजे, आणि ज्यांचे घोटे कडक असतात त्यांचं पाऊल पाण्यात कोयत्यासारखं आडवं उभं राहतं, कितीही मारा पुढे जात नाही, काही जण तर चक्क मागे जातात. आपल्याकडे यावर घरगुती इलाज आहे, वज्रासन. जेवणानंतर पाच मिनिटं वज्रासनात बसायची सवय असलेल्या आज्या पूलमध्ये आल्या की त्यांचे घोटे मऊ असतात, हे मी स्वतः पाहिलंय. गुडघे दुखत असतील तर वज्रासनाच्या वाटेला जाऊ नका, खुर्चीवर बसून पाऊल हाताने ताणलं तरी चालतं.

आता हात. इथे वेळ घालवा, कारण पुढे जायचं सगळं इथेच आहे.

हात पाण्यातून बाहेर येताना अंगठा आधी, पाण्यात जाताना करंगळी आधी. एवढं वाक्य पाठ करून टाका. मांडीपाशी हात संपला की तळवा आतल्या बाजूला मांडीकडे असतो, तिथून अंगठा वर करून हात उचलायचा, कोपर सरळ पण ताठ नाही, बांधलेल्या काठीसारखा नको, ढिला. डोळ्यांच्या वरून जाताना मनगट सावकाश फिरवायचं म्हणजे तळवा बाहेरच्या बाजूला वळतो, आणि मग डोक्याच्या मागे खांद्याच्या रेषेत करंगळी पाण्यात सुरीसारखी शिरते. पालथा हात पाण्यावर आपटला तर पाण्यासोबत हवेचे बुडबुडे आत जातात, आणि बुडबुड्यांना धरून अंग ओढता येत नाही.

खांद्याच्या रेषेत म्हणजे कुठे? घड्याळ डोळ्यासमोर आणा, डोकं बाराच्या जागी. उजवा हात एकवर, डावा अकरावर. बाराच्या मागे गेला, म्हणजे डोक्याच्या मधोमध किंवा पलीकडे, की अंग नागासारखं वळवळतं, एकदा इकडे एकदा तिकडे, आणि खांदाही दुखायला लागतो. गंमत अशी की आपल्याला वाटतं हात खांद्याच्या रेषेत गेला, आणि प्रत्यक्षात तो डोक्यामागे गेलेला असतो. म्हणून नवीन असताना मुद्दाम दहावर आणि दोनवर टाका, तेव्हा कुठे तो अकरा-एकवर पडतो. कोणालातरी कडेला उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःचं बघितल्याशिवाय पटत नाही.

हात पाण्यात शिरला की लगेच ओढायचा नाही. आधी तो थोडा खाली जाऊ द्या, हात-दीड हात नाही, साधारण एक फूट, आणि मग कोपर वाकवून तळवा आणि पूर्ण पुढचा हात पायांच्या दिशेला वळवा. याला पाणी पकडणं म्हणतात. इथून पुढची स्थिती म्हणजे अगदी पंजा लढवताना असते तशी. कोपर तळाकडे, वाकलेलं साधारण काटकोनात, तळवा पायांकडे, बोटं बाजूच्या भिंतीकडे. आमच्या घरातले जुने लोक दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, माझ्या काकांना मी हे दाखवलं तर ते पाण्यात न उतरताच म्हणाले, अगं हा तर पंजा, खांदा मागे न सोडता कोपर पुढे ठेवायचं. बरोब्बर तेच. पंजा लढवताना कोपर आधी पडलं की हरलात, इथेही कोपर कमरेकडे आधी घसरलं की तळव्यात पाणी उरत नाही, नुसती हाताची कड पाण्यातून सरकते.

पकडलेलं पाणी मग पायांकडे ढकलायचं. ओढायचं असं आपण म्हणतो पण खरं तर हात पाण्यात एका जागी रोवलेला असतो आणि अंग त्याच्या पुढे जातं, शिडीची पायरी धरून वर चढतो तसं. हात खांद्याच्या पुढे गेला की ओढणं संपतं, ढकलणं सुरू होतं, आणि वेग वाढवायचा तो इथे. सुरुवात सावकाश, शेवट जोरात. नवीन लोक नेमकं उलटं करतात, हात धाडकन टाकतात आणि कमरेपाशी आला की सोडून देतात. मांडीच्या खाली पोचेपर्यंत कोपर सरळ झालं पाहिजे, आणि शेवटी तळवा तळाकडे दाबायचा, गादीवर हात टेकून उठतो ना तसा. या शेवटच्या दाबाने त्या बाजूची कंबर आणि खांदा वर येतो, आणि खांदा वर आला की हात पाण्यातून आपोआप हलका निघतो. ज्यांना हात उचलायला जड वाटतो त्यांचा हा दाब राहून गेलेला असतो, नव्वद टक्के वेळा म्हणणार नाही, पण माझ्या पाहण्यात तरी जवळजवळ सगळ्यांचा.

सरळ हाताने पण बॅकस्ट्रोक होतो का? होतो. लहान मुलांना सुरुवातीला तसाच शिकवतात आणि ते बरोबर आहे, सगळं एकदम डोक्यात भरू नये. पण सरळ हात सुरुवातीला पाणी खाली दाबतो आणि शेवटी वर उचलतो, मधल्या थोड्याच वेळात मागे ढकलतो. वाकवलेला हात जास्त वेळ मागे ढकलतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी कोपर वाकवायला शिकायचंच.

आता हात आणि पाय या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे अंग फिरवणं, ज्याला रोल म्हणतात. उताणं म्हणजे पाटासारखं सपाट पडून राहणं असं नाही. उजवा हात पाण्यात शिरतो तेव्हा उजवा खांदा खाली आणि डावा वर, मग उलटं. साधारण ३० ते ४५ अंश प्रत्येक बाजूला. खांदा खाली गेला तरच कोपर वाकवून खोल पाणी पकडता येतं, सपाट पडून राहिलात तर हात पाठीच्या मागे वळवावा लागतो आणि खांदा कुरकुरतो. आणि हा रोल खांद्यातून एकटा नाही, कमरेसकट. डोकं मात्र हलायचं नाही. कमरेखाली पाय सतत मारत असतात म्हणून रोल ताब्यात राहतो, पाय थांबले की एकतर अंग फिरतच नाही किंवा जास्त फिरून पालथं होतं. म्हणजे पाय नुसते वर धरून ठेवत नाहीत, हात जो रोल सुरू करतो तो बरोबर जागी थांबवतात पण. अंग फिरलेलं असल्यामुळे लाथही सरळ वर-खाली न राहता थोडी तिरकी पडते, ते तसंच असू द्या.

लय कशी ठेवायची हे मला फार दिवस जमत नव्हतं. पाय मोजायला गेले की हात विसरायचा, हात मोजायला गेले की पाय थांबायचे. बॅकस्ट्रोकमध्ये दोन हातांच्या एका पूर्ण फेरीत सहा लाथा बसतात, एका हाताला तीन. एक दिवस घरी मुलगी तबल्याचा रियाज करत बसली होती, दादरा ताल, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकतेय, धा धिं ना, धा तिं ना, सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग! पहिल्या धाला उजवा हात पाण्यात, चौथ्या मात्रेच्या धाला डावा, आणि प्रत्येक मात्रेला एक लाथ. दुसऱ्या दिवशी सकाळी पूलमध्ये मनातल्या मनात दादरा लावला आणि पहिल्यांदा पूर्ण २५ मीटर हात-पाय एकमेकांना सोडून गेले नाहीत. बडोद्यात गाणं-बजावणं घराघरात आहे, त्यामुळे मी सगळ्यांना हेच सांगते आणि बऱ्याच जणांना मोजण्यापेक्षा हे लवकर जमतं. ठाय म्हणजे सावकाश लयीत सुरू करा, दुगुण म्हणजे दुप्पट वेग नंतर. आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकली तरी पाय थांबवू नका, ठेका चालू ठेवून हात परत समेवर आणा, गाताना करतो तसंच.

दोन हात एकमेकांच्या समोरासमोर राहिले पाहिजेत, पवनचक्कीच्या दोन पात्यांसारखे. एक हात डोक्यामागे शिरत असताना दुसरा मांडीपाशी संपत असतो. पुष्कळ जण मांडीपाशी हात नेऊन विश्रांती घेतात आणि दुसरा हात तिथे आला की मग निघतात, त्या वेळात अंग थांबतं, पाय बुडायला लागतात, मग पायांनी जास्त मारावं लागतं. हाताची चूक पायांना भरावी लागते, असंच सगळीकडे असतं या स्ट्रोकमध्ये, आणि म्हणून पाय दमले की आधी हात तपासा.

सरावाला मी हा क्रम धरते, तुमच्या सोयीने बदला. सुरुवातीला फक्त पाय, हात मांडीला. मग एक हात डोक्यामागे लांब, दुसरा मांडीला, तरीही फक्त पाय, आणि यावेळी वर असलेल्या हाताच्या बाजूला थोडं झुकून. मग सहा लाथा एका कुशीवर, एक हात मारून कूस बदलायची, परत सहा लाथा. हा सगळ्यात उपयोगी आहे, कंटाळवाणा आहे म्हणून कोणी करत नाही, पण रोल याच्यानेच येतो. मग एका हाताने पूर्ण लांबी, दुसरा मांडीला चिकटून. मग दोन्ही हात एकदम, म्हणजे दोन्ही एकाच वेळी मागे नेऊन एकदम ढकलायचे, यात हात डोक्यामागे मधोमध जाऊच शकत नाही आणि कोपर वाकवणं बरोबर कळतं. शेवटी पूर्ण स्ट्रोक, पण चारच लांब्या आणि त्या नीट. मध्ये कधीतरी मुठी बंद करून एक लांबी जा, मूठ बंद असली की तळव्याचा आधार जातो आणि पुढच्या हाताने पाणी पकडायला शिकतो आपण, मग मूठ उघडली की हातात वल्हं आल्यासारखं वाटतं.

डोक्यासाठी एक जुना आणि खात्रीचा उपाय, कपाळावर प्लास्टिकचा छोटा कप अर्धा पाणी भरून ठेवायचा आणि पोहायचं. कप पडला म्हणजे डोकं हललं. कान पाण्यात, नजर सरळ वर, हनुवटी ना छातीला ना आकाशाला. पायांकडे बघायला डोकं उचललं की कंबर बुडलीच समजा, आणि मग पुन्हा सगळा भार बिचाऱ्या पायांवर. आमच्याकडे बहुतेक वेळ उघड्या आकाशाखालीच पोहणं होतं, मे महिन्यात साडेआठनंतर ऊन डोळ्यात जातं आणि माणूस नकळत मान वळवतो, म्हणून गडद काचांचा गॉगल घ्या किंवा पहिली बॅच गाठा.

नाकात पाणी जातं ही सगळ्यांची तक्रार. तोंडाने श्वास घ्या आणि नाकाने सोडताना भ्रामरी करतो तसा म्म्म आवाज काढा, पाणी आत शिरत नाही. एका हाताला श्वास आत, दुसऱ्या हाताला बाहेर, असं बांधून टाकलं की धापही लागत नाही.

थोडं जुनं सांगते कारण यातून हात-पायांचा हिशोब अजून स्पष्ट होतो. माझे आजोबा चांदोदला नर्मदेत उताणे पडून तासभर राहायचे, दोन्ही हात एकदम बाजूला दाबायचे आणि पाय बेडकासारखे मारायचे. त्या काळी उताणं पोहणं म्हणजे हेच. ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक पहिल्यांदा आला १९०० ला पॅरिसमध्ये, २०० मीटर, आणि पोहायची जागा होती चक्क सीन नदी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा हॅरी हेब्नर हात आळीपाळीने फिरवत १०० मीटर जिंकला आणि तेव्हापासून हीच पद्धत रुळली. म्हणजे हात एकानंतर एक आल्यावर जोर सतत मिळायला लागला आणि पायांना सांभाळायचं काम आलं.

आता कोणी म्हणेल की पाय एवढे दुय्यम आहेत तर मोठे पोहणारे सुरुवातीला पाण्याखालून नुसत्या पायांनी इतके पुढे कसे जातात. बरोबर प्रश्न आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा दाइची सुझुकी १०० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीचे तीसेक मीटर पाण्याखालूनच गेले, दोन्ही पाय जोडून डॉल्फिनसारखी लाथ मारत, आणि सुवर्ण मिळालं सुझुकीला. मग नियमच करावा लागला, आता सुरुवातीला आणि वळल्यानंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे. पण ती लाथ वेगळी, पाण्याखाली लाटा नसतात, हात डोक्यावर जोडून अंग बाणासारखं असतं, आणि पूर्ण पाठ-पोट-कंबर त्यात लागते. पृष्ठभागावर आल्यावर पाय परत आपल्या कामाला. आपल्यासारख्यांनी भिंत ढकलल्यावर दोन-तीन अशा लाथा मारल्या तरी पुरे, श्वास कोंडून लांब जायचा प्रयत्न एकट्याने कधीही करू नका.

आपल्या लोकांत बघायचं असेल तर श्रीहरी नटराजचे व्हिडिओ बघा, २०२१ मध्ये त्याने १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत मारून टोकियो ऑलिंपिकचा ए कट, म्हणजे थेट पात्रतेची वेळ, मिळवला, आणि आपल्या अहमदाबादची माना पटेल, तीही टोकियोला १०० मीटर बॅकस्ट्रोकच पोहली. बघताना डोकं बघा, अजिबात हलत नाही, आणि पायांकडे बघा, नुसती खदखद. मी तर स्लो मोशनवर लावून मुलांना दाखवते.

नदीत सराव करायचा विचार असेल तर बडोद्याच्या लोकांना सांगायला नको, विश्वामित्रीत मगरी आहेत. पूलमध्येही नवीन असाल तर छातीएवढ्या पाण्यात, लाइफगार्ड असताना, आणि लेनच्या दोरीच्या बाजूने. बॅकस्ट्रोकमध्ये पुढचं दिसत नाही, दोरी बाजूला असली की हात तिला लागतो आणि आपण वाकडे जातोय ते कळतं. सतत एकाच बाजूला जात असाल तर तुमचा एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त ओढतोय किंवा डोक्यामागे जातोय, बहुतेक उजव्या हाताने जेवणाऱ्यांचा उजवा. खांदा दुखायला लागला तर जोर कमी करा, रोल वाढवा आणि हात जास्त बाहेर टाका, तरी दुखलं तर पोहणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आणि भिंत. डोकं आपटण्याची भीती असते म्हणून लोक शेवटचे पाच-सहा मीटर मान वळवून वळवून बघतात, तोपर्यंत जमलेला सगळा स्ट्रोक मोडतो. म्हणून तर पूलवर भिंतीपासून ५ मीटरवर झेंड्यांची माळ लावतात, किमान १.८ मीटर उंच. ती माळ डोळ्यांवरून गेली की हात मोजायला सुरुवात करायची. आधी सावकाश पोहून, एक हात डोक्यामागे ठेवून, तीन-चारदा मोजून घ्या, पाय चालूच ठेवा, कारण पाय थांबले तर हातांचा आकडा बदलतो. माझे पाच होतात आणि पाचव्या हाताला बोटं भिंतीला लागतात. जोरात पोहलात तर एखादा कमी होईल, म्हणून वेगाने पोहताना परत मोजा. ज्या पूलवर माळ नाही तिथे कडेला ५ मीटरवर एखादा टॉवेल टाकून ठेवा आणि बॅचमधल्या कोणाला तरी उभं करा.